जुनी जिप्सी घरी दुरुस्त करताना: मुंबईच्या हवेत काम खालून वर न्या

जुनी जिप्सी हातात आली की पहिला पैसा बहुतेकदा मोठ्या टायरवर, पुढच्या लोखंडी गार्डवर आणि छतावरच्या दिव्यांवर जातो. मग जून येतो. पायाखालच्या रबरी मॅटखाली पाणी साचतं, कमानपाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जिथे जोडलेत तिथला पतरा पापुद्रे सोडू लागतो, आणि साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरतं. तोवर खर्चायला पैसे उरलेले नसतात. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे: कागद, चासी, ब्रेक, पुढचा अॅक्सल, तेलं, इंजिन, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी हौसेच्या वस्तू.

इथे मारुती जिप्सी धरली आहे. ती १९८५ मध्ये आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग निघाली आणि २००० पासून तिला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) इंजिन मिळालं. शिडीसारखी चासी, चारही चाकांना कमानपाटे, गरजेपुरतं लागणारं फोर व्हील ड्राइव्ह आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), ही तिची घडण. लष्कराने ती मोठ्या संख्येने वापरल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. जुन्या महिंद्रा जीपवर काम करणार असाल तर या लेखातलं गंज आणि वायरिंगबद्दलचं लिखाण तसंच्या तसं लागू पडेल, ब्रेकबद्दलचंही बरंचसं.

१. पाना उचलण्याआधी कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. गाडी तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे ब्रेक, दिवे आणि हॉर्नची कामं त्या तारखेआधी संपतील असं बघा. तयार ठेवायचे कागद:

- मूळ आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड
- भरलेला फॉर्म २५
- चालू विमा आणि पीयूसी
- १५ वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर भरल्याची पावती
- चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा
- पॅन आणि पत्त्याचा पुरावा
- हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवल्याची पावती (१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती सक्तीची आहे)

यातला चासी नंबर फार महत्त्वाचा. गंज काढण्याच्या भरात त्या जागेवर ग्राइंडर फिरला, किंवा जाड रंगाखाली अक्षरं बुजली, की आरटीओत गाडीची ओळख पटवणं अवघड होऊन बसतं. नंबर कुठे कोरलाय ते आधी शोधा, फोटो काढा, त्यावर मास्किंग टेप लावा. ती जागा फक्त हाताने, बारीक वायर ब्रशने साफ करायची. वर पातळ प्रायमर पुरे.

लष्कराच्या लिलावातली गाडी घेत असाल तर दोन गोष्टी. लिलावाचे कागद आणि त्यावरून झालेली नागरी नोंदणी, दोन्हींवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीशी स्वतः जुळवून पाहा. आणि तो ऑलिव्ह ग्रीन रंग ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच आहे. दुसरा रंग दिलात तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते.

२. जागा, हत्यारं आणि महिने

रस्त्याकडेला गाडी खोलू नका. चाकं काढलेली, धूळ खात उभी गाडी बेवारस समजून तिच्यावर नोटीस लागते आणि ती उचलली जाते. सोसायटीच्या आवारात काम करणार असाल तर सेक्रेटरींना आधी लेखी कळवा, दिवस आणि वेळ ठरवून घ्या. बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, ग्राइंडर आणि वेल्डिंगही तिथे नको. जमीन सपाट आणि सिमेंटची हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅक रुततो.

लागणारं सामान:

- ८ ते २४ मिमीचे रिंग पाने आणि अर्ध्या इंची गोटी पान्यांचा संच, सोबत लांब दांडा
- टॉर्क पाना
- ३ टनी ट्रॉली जॅक, ३ टनी जॅक स्टँडच्या दोन जोड्या, चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे
- चार इंची ग्राइंडर, वायर कप ब्रश, डोळ्यांवर बंद गॉगल
- ग्रीस गन, मल्टिमीटर, बॉलपेन हातोडी
- तेल धरायचा ट्रे आणि २ किलोचा एबीसी अग्निशामक

जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड चासीखाली किंवा अॅक्सलच्या नळीखाली लावा, मग गाडीला जोरात धक्का देऊन पाहा. हलली तर स्टँड पुन्हा लावायचे. हँडब्रेकवर विसंबू नका, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे हवेतच.

कामाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. गंज आणि रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ब्रेक आणि अॅक्सल मार्च-एप्रिलमध्ये, वायरिंग, दरवाज्यांची रबरं आणि हूड (कापडी छत) मे महिन्यात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना मारलेला प्रायमर पतऱ्याला धरत नाही. हिवाळ्यातही सकाळी चासीवर दव असतं, त्यामुळे ब्रश अकरानंतर हातात घ्या आणि चारपर्यंत ठेवून द्या.

३. गंज: इथे घाई करू नका

वरळी, वांद्रे, वर्सोव्यासारख्या समुद्रालगतच्या वस्तीत उभ्या गाडीवर खारं वारं रोज मिठाचा थर चढवतं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे कोरड्या दिवसातही पतरा ओलाच राहतो. जिप्सीत गंज ठराविक जागी बसतो: मागचा आडवा चासी मेंबर, कमानपाट्यांचे हँगर, बॉडी माउंटच्या रबराखालची जागा, पुढच्या काचेच्या चौकटीचा तळ, बॅटरीचा ट्रे, चाकांच्या कमानी आणि पायाखालचा पतरा.

आधी मॅट आणि सीट काढून गाडी रिकामी करा. चासीच्या पोकळीत पाण्याचा पाइप घालून आतली माती पूर्ण निघेपर्यंत धुवा. पाणी निथळायची भोकं सहसा मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. गाडी दोन दिवस सुकू द्या. मग हातोडीने चासी टप्प्याटप्प्याने वाजवत जा. घट्ट लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून टोचा. आत गेलं तर तिथे रंग मारून उपयोग नाही, तो भाग कापावाच लागेल.

नुसता वरवरचा गंज असेल तर काम असं करा:

अ) वायर कप ब्रशने सुटा गंज आणि फुगलेला रंग काढा. पतरा आरशासारखा चमकायची गरज नाही, पण पापुद्रा एकही राहता कामा नये.
आ) थिनरने पुसून तेलकटपणा घालवा.
इ) फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावा. तांबूस गंज काळा पडतो. २४ तास थांबा. धुवायचं की नाही ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे.
ई) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण त्यातून ओलावा आत झिरपतो, म्हणून तो वापरलात तर लगेच वरचा रंग हवा. नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसाळा काढायचा नाही.
उ) वर चासी ब्लॅक किंवा पीयू रंगाचे दोन हात.
ऊ) रंग वाळला की चासीच्या पोकळीत लांब नळीच्या स्प्रेने कॅव्हिटी वॅक्स. निथळायची भोकं पुन्हा उघडी आहेत ना, तेवढं बघा.

दोन चुका जागोजागी दिसतात. पहिली, गंजावर थेट डांबरी अंडरकोटिंग मारणं. वरून गाडी नवी दिसते, पण थराला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. दोन पावसाळ्यांत हँगर सुटतो, आणि थराखाली झाकलेला असल्यामुळे शेवटपर्यंत कळत नाही. दुसरी, चासीला जुनं इंजिन ऑइल फासणं. त्याने कमानपाट्यांचे आणि बॉडी माउंटचे रबर फुगून सडतात, शिवाय तेल पार्किंगभर ठिबकतं.

पतरा बदलायचा असेल तर पायाखाली १८ गेज, बाजूंना २० गेज वापरा. भोकावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणाऱ्याकडे गाडी देऊ नका. लांबी ओलावा धरते आणि सहा महिन्यांत फुगून येते. चासीचं वेल्डिंग मात्र घरचं काम नाही. ते सीओटू वेल्डिंगवाल्या अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि तुम्ही समोर उभे राहा. ठिगळाची जाडी मूळ पतऱ्याएवढीच हवी. त्याची टोकं चौकोनी न ठेवता तिरपी कापायला सांगा. आडव्या सरळ वेल्डवर सगळा ताण एकाच रेषेत येतो आणि चासी नेमकी तिथेच तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा, एमपीएफआय गाडीत ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) कनेक्टर काढा. टाकीजवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवूनच करायचं.

न सुटणाऱ्या बोल्टवर लगेच लांब दांडा लावू नका. डब्ल्यूडी-४० सारखं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे ठोके द्या, आधी किंचित घट्ट करून मग सैल करा. बॉडी माउंटचे बोल्ट तुटण्याची शक्यता धरूनच चाला. नवे बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा वरचे घ्या (आकडा डोक्यावर असतो), आट्यांना कॉपर ग्रीस लावा.

४. ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम. सुरुवात चासीला धरून जाणाऱ्या लोखंडी ब्रेक पाइपपासून करा. क्लिपखाली पाणी साचतं आणि पाइप तिथेच आतून बाहेरून खात जातो. नखाने खरवडल्यावर खड्डे लागले तर पूर्ण पाइप बदला. मधला तुकडा कापून जोड देणं ब्रेकमध्ये चालत नाही. टोकांचं फ्लेअरिंग (तोंड रुंद करून दुमडणं) दुहेरी हवं, एकेरी फ्लेअर दाबाखाली तडकतं.

रबरी होज दुमडून पाहा, चिरा दिसल्या तर सगळेच बदला. मागच्या ड्रममध्ये सिलेंडरच्या रबरी टोपीची कड उचला. आत ओल दिसली तर सिलेंडर गळतोय आणि लायनर भिजण्याच्या वाटेवर आहेत. तेल लागलेले लायनर धुऊन पुन्हा बसवू नका, जोडीने नवे घ्या.

ब्रेक ऑइल डॉट ३. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून अर्धा उघडा डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही आणि गाडीतलं ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. दर पाचसहा पेडलनंतर वरची बाटली भरा. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

५. पुढचा अॅक्सल आणि थरथरणारं स्टिअरिंग

६०-७० च्या वेगात रस्त्यातल्या सांध्यावरून जाताना स्टिअरिंग जोरात थरथरतं आणि वेग कमी केल्यावरच थांबतं, ही जिप्सीची नेहमीची तक्रार. त्यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) बसवून दिला जातो. थरथर काही महिने दबते आणि झीज आतल्या आत वाढत राहते. डॅम्परला हात लावण्याआधी या क्रमाने तपासा: टायरमधली हवा आणि बॅलन्सिंग, टाय रॉड आणि ड्रॅग लिंक या स्टिअरिंगच्या दांड्यांचे एंड (टोकाचे सांधे), व्हील बेअरिंग, किंग पिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ) बेअरिंग, कमानपाट्यांचे बुश.

चाचणी सोपी आहे. अॅक्सल उचलून स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा, आणि दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंग पिनचा. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर एंड तपासा.

किंग पिन करायच्या ठरल्या तर दोन्ही बाजू एकत्र करा: चार बेअरिंग, दोन्हीकडचे नकलचे (चाक वळतं त्या सांध्याचे) सील, आणि अॅक्सलच्या नळीतले आतले ऑइल सील. शेवटचे स्वस्त आहेत, पण तिथवर पोचायला सगळं खोलावं लागतं, म्हणून जुने ठेवू नका. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने कमानपाट्याला बांधा. वरची आणि खालची शिम (फट भरणारी पातळ चकती) वेगवेगळ्या पिशवीत, बाजू लिहून ठेवा. शिमांची अदलाबदल झाली तर बेअरिंगवरचा ताण बिघडतो. स्टिअरिंग जड होतं, नाहीतर खेळ तसाच राहतो. तो ताण स्प्रिंग काट्याने मोजून वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचा असतो.

खोलल्यावर आतलं ग्रीस नीट पाहा, त्यावरून बरंच कळतं. ग्रीस पातळ, रश्श्यासारखं झालं असेल तर आतल्या सीलमधून डिफरन्शियलचं (अॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) तेल येतंय. दुधी असेल तर पाणी शिरलंय. पूर्ण वळवलेल्या चाकांवर फोर व्हीलमध्ये कटकट आवाज येत असेल तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटमधल्या गोळ्यांची वाट झिजली आहे, नवं ग्रीस भरून तो आवाज जाणार नाही. बसवताना मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस भरा.

कमानपाट्यांचे बुश बदलताना एक गोष्ट हमखास चुकते. हँगर आणि शॅकलचे (कमानपाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचे) बोल्ट गाडी हवेत असताना हलकेच लावायचे, आणि चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावरच पूर्ण आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट नवेच घ्या, आलटूनपालटून आवळा आणि २०० किमीनंतर पुन्हा तपासा.

६. तेलं

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल, असे चार वेगळे डबे आहेत. आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का ते पाहा. खालून सगळं तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागेवरच बसते.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल, डिफरन्शियलना जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९०. दुकानदार 'एकच सगळीकडे चालतं' म्हणून जीएल-५ देतो. गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. गाडी सपाट जागी ठेवून भरायच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरा, हेच योग्य माप.

प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून अॅक्सलकडे जाणारा फिरता दांडा) काढण्याआधी दोन्ही बाजूंवर रंगाची खूण करा आणि तशीच बसवा. त्याच्या टोकाच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) ग्रीस भरताना चारही टोपांतून थोडं बाहेर आलं पाहिजे.

काढलेलं तेल गटारात ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून जुनं तेल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

७. इंजिन

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कागदावर नसेल तर तो बदललेला नाही असं धरा. टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोबत घ्या. वॉटर पंपही त्याच वेळी पाहून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा बेल्ट उतरवावा लागेल.

'मुंबईत गरज नाही' म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारी कूलंटची झडप) काढून टाकलेल्या गाड्या खूप आहेत. एमपीएफआय इंजिन मग थंडच राहतं, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि अॅव्हरेज पडतं. थर्मोस्टॅट परत बसवा, रेडिएटर साफ करून घ्या आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. नळाचं पाणी नको.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्याने कडक होऊन चिरतात. एसएई जे३०आर९ अशी खूण असलेला पाइप घ्या, टाकीकडे परत जाणारा पाइपही बदला. एमपीएफआय गाडीत पाइप सोडवण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो.

८. वायरिंग आणि दिवे

हेडलाइट मंद वाटला की १०० वॉटचा बल्ब टाकण्याचा मोह होतो. तो नियमात बसत नाही आणि होल्डर वितळतो. खरा दोष बारीक, लांब तारेचा आणि जुन्या स्विचचा असतो. लाइट चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवरचे आणि बल्बवरचे व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर रिले हार्नेस (बल्बला थेट बॅटरीतून वीज देणारी जोडणी) लावा: ३० अँपियरचे दोन रिले, २.५ चौरस मिमीची तार, बॅटरीलगत २० अँपियरचा फ्यूज. ६० वॉटचे दोन बल्ब मिळून १० अँपियर खेचतात, ते आता स्विचमधून जात नाहीत. मूळ ६०/५५ वॉटचा एच४ बल्बच डोळ्यांत भरेल असा लागतो. चासी आणि इंजिनच्या अर्थिंगचे जोड खरवडून साफ करा. निम्मे गूढ बिघाड तिथेच मिटतात.

९. आता सुधारणा

सर्वात उपयोगी सुधारणा सर्वात स्वस्त आहे: ब्रीदर (अॅक्सल आणि गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्याची वाट) पाइपने वर नेणं. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात तापलेला अॅक्सल शिरला की एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या ब्रीदरना तेलाला टिकणारा पाइप जोडून इंजिनच्या खोलीत वरच्या बाजूला न्या आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. पाइप हलताना ताणला जाणार नाही इतका सैल ठेवा. पाण्यातून गाडी गेल्यावर प्लग किंचित सैल करून तेल दुधी झालंय का ते तरीही पाहायचंच.

दुसरी सुधारणा म्हणजे पुढेमागे ओढण्याचे भक्कम हुक, थेट चासीला बोल्टने. बंपरला लावलेला हुक ओढताना सुटून काचेतून आत येऊ शकतो.

लांब शॅकल लावून गाडी उंच करणं टाळा. २ इंच लांब शॅकलने उंची मिळते जेमतेम १ इंच, आणि कॅस्टरचा (चाक वळण्याच्या अक्षाच्या कलाचा) कोन, प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणि ब्रेक होजची लांबी तिन्ही बिघडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. पुढचं लोखंडी गार्डही त्यातच येतं, आणि अपघातानंतर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडतो. टायर किंगच्या मूळ २०५/७० आर१५ मापाचेच, पण खोल नक्षीचे घ्या. कर्जत-मुरबाडच्या चिखलाला ते पुरतात. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावू नका, पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांशी झगडून ट्रान्सफरवर ताण येतो. आणि गाडी समुद्रकिनाऱ्यावर उतरवू नका. हिवाळाभर केलेलं गंजाचं काम ओल्या खाऱ्या वाळूने एका दुपारी वाया जातं.

१०. सुटे भाग घेताना

नव्या भागांसाठी ऑपेरा हाउसची दुकानं, जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना भाग सँपल म्हणून पिशवीत घेऊनच जा. कार्ब्युरेटरवाली, किंग आणि एमपीएफआय यांचे बरेच भाग दिसायला सारखे पण मापाने वेगळे असतात. जुन्या बाजारातून गिअर, शाफ्ट, दरवाजा, हूडचे पाइप खुशाल घ्या. ब्रेकचा कुठलाही भाग, एंड, बेअरिंग, सील आणि रबर मात्र नवंच. बेअरिंगवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला आहे का पाहा, सीलची कड बोटाने दाबून मऊ लागते का पाहा. बिल मागून घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या, पुढच्या वेळी दुकानदाराला तोच नंबर सांगता येतो.